आरक्षण "उठलंय" असं सांगून विकलेला प्लॉट

सातबारा कोरा आहे, बोजा नाही, इतर हक्कांत कुणाचं नाव नाही, एवढ्यावर शहरालगतची जमीन गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर कळतं. तिथे घर बांधता येईल का, हे विकास आराखडा ठरवतो: कुठली जागा घरांसाठी आणि कुठली बगीच्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखीव (म्हणजेच आरक्षित), ते त्यात असतं. दस्त नोंदला गेला म्हणजे आराखडा तपासला गेला, असंही नाही. माझी आणि थोरल्या भावाची फसवणूक नेमकी इथेच झाली.

एजंटने झोन दाखल्याची, म्हणजे आराखड्यात जमीन कुठल्या विभागात येते ते सांगणाऱ्या कागदाची, झेरॉक्स दिली होती. गट क्रमांक बरोबर, शिक्का बरोबर, पुढे "रहिवास विभाग". मूळ दाखल्यात त्याखाली आणखी एक ओळ होती: गटाचा उर्वरित भाग बगीच्याच्या आरक्षणाने बाधित. झेरॉक्स काढताना ती ओळ झाकली होती. रहिवासाचा पट्टा रस्त्याकडेला, आणि आम्हाला विकलेला प्लॉट पूर्ण मागच्या बाजूला, आरक्षणात.

खरेदीखताआधी शेजारच्या शेतकऱ्याने बगीच्याचा विषय काढला. जमीनमालक जराही गडबडला नाही. म्हणाला, "दादा, दहा वर्षं उलटली. कायद्यानेच आरक्षण उठलंय. कलम 127 बघा."

हे अर्धसत्य आजही अनेकांना ऐकवलं जातंय, म्हणून ते नीट समजून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये कलम 127 खरंच आहे. पण त्यात काहीही आपोआप होत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाने किंवा हितसंबंधिताने नियोजन प्राधिकरणाला (महापालिका, नगरपालिका वगैरे) रीतसर नोटीस द्यावी लागते. ती पोचल्यापासून 24 महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शासन तसा आदेश राजपत्रात काढतं. कुणी आरक्षण उठल्याचं सांगितलं तर राजपत्रातला तो आदेश मागा. "फाइल मंत्रालयात आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

आमच्या प्रकरणात अशी नोटीस कधी दिलीच नव्हती. शिवाय मधल्या काळात सुधारित आराखडा मंजूर होऊन बगीचा त्यातही कायम राहिला होता. नोटीस दिलेली नसताना सुधारित आराखडा आला, तर जुनी 10 वर्षं धरून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. बांधकाम परवानगीसाठी आर्किटेक्टने भाग नकाशा (आराखड्यातला त्या गटापुरता नकाशा) मागवला तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

सगळ्यात जास्त संताप आला तो माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांनी. प्रारूप आराखडा (मंजुरीआधीचा मसुदा) प्रसिद्ध झाला की हरकती घ्यायला त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत याच मालकाने "माझ्या जमिनीवरचं बगीच्याचं आरक्षण वगळा" अशी लेखी हरकत घेतली होती, नियोजन समितीपुढे सुनावणीलाही गेला होता. हरकत फेटाळली गेली आणि त्यानंतर त्याने प्लॉट पाडून विकायला काढले. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच गटात एका कुटुंबाने निवृत्तीचा पैसा घालून खोल्या बांधल्या. "घरपट्टी लागते, मग भीती कसली," असं त्यांना सांगितलं होतं. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. त्यांच्या हातात आता त्याच कायद्याच्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटवण्याची, नोटीस आहे.

झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागात स्वतः अर्ज करून घ्या, समोरच्याने आणून दिलेला नको. त्यात "अंशतः" किंवा "बाधित" हा शब्द दिसला तर थांबा. आरक्षणाची रेषा जागेवर कुठून जाते याची आखणी करून मिळेपर्यंत इसारसुद्धा देऊ नका. आराखडा प्रारूप आहे की मंजूर, हेही त्याच खिडकीवर विचारा.

आम्ही पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे आणि खरेदीखत रद्द करण्यासाठी दिवाणी दावाही लावला आहे. मालकाची ती जुनी हरकत दोन्हीकडे जोडली. अशा दाव्याला मुदत तीन वर्षांची असते आणि ती फसवणूक उघड झाल्यापासून मोजली जाते. त्यामुळे त्या गटातल्या किंवा अशाच दुसऱ्या गटातल्या कुणाला आत्ता हे कळलं असेल, तर ज्या दिवशी कळलं त्या दिवसाचा कागद जपून ठेवा आणि वकील गाठा.