दुखणे दाढेचे नव्हते, नसेचे होते : मुखवेदना विभागाचा अनुभव

आईच्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येऊ लागली, तेव्हा घराजवळच्या एका दवाखान्यात आधी रूट कॅनल झाले आणि पुढे तीच दाढ काढण्यात आली. कळ मात्र तशीच राहिली. अखेर आम्ही पुण्यातील एका दंत महाविद्यालयाच्या मुखवेदना विभागात गेलो.

तेथील डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र हाती घेण्यापूर्वी कळ किती सेकंद टिकते, दात घासताना किंवा बोलताना येते का, हे शांतपणे विचारले. मग कापसाची बारीक वात नाकपुडीच्या कडेला टेकवताच आईने डोळे घट्ट मिटून घेतले. निदान ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसेच्या दुखण्याचे झाले. नसेच्या मुळावर रक्तवाहिनीचा दाब आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगण्यात आला. कार्बामाझेपिन हे नसेची कळ शमवणारे औषध कमी मात्रेत सुरू करताना रक्तातील सोडियम तपासण्यास आणि अंगावर पुरळ उठल्यास तातडीने येण्यास बजावले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सुझेट्रिजिन या नव्या वेदनाशामक औषधाविषयी मी विचारले, तेव्हा ती मंजुरी तीव्र, अल्पकालीन वेदनेपुरतीच आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

तक्रार एकच. प्रतीक्षाकक्षातील पंखे थेट बाकांवर वारा सोडतात, आणि वाऱ्याच्या झुळकेनेही कळ उठणाऱ्या रुग्णांना तेथे दोन तास पदराने गाल झाकून बसावे लागते. ते त्वरित बदलावे.

तिसऱ्या आठवड्यात आईने उजव्या बाजूने भाकरी चावून खाल्ली.