मरीन टँकमधली सफाईवाली मंडळी: आठ महिन्यांचा हिशोब

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तीन फुटी मरीन टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची माशांची टाकी, साधारण 190 लिटरचा. त्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि दुकानदाराने गळ्यात मारलेला 'क्लीनअप क्रू': रिकाम्या शंखात राहणारे दहा हर्मिट क्रॅब, आणि आठ नॅसेरियस व सहा टर्बो जातीच्या गोगलगायी. "हे सोडा, काच पुसायचंही काम नाही," असं तो म्हणाला होता. काच मी अजूनही दर रविवारी पुसतो.

पैसे वसूल झाले ते नॅसेरियसमुळे. दिवसभर वाळूत गाडून घेतात, इतके की टँकमध्ये आहेत हेच विसरायला होतं. मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) बर्फाळ तुकडा वितळवून टाकला की अर्ध्या मिनिटात वाळूतून सोंडेसारखी नळी वर येते, मागोमाग अख्खा शंख, आणि पान वाढल्याची हाक यावी तसे सगळे वासाच्या मागे सुटतात. आई रोज साडेआठला हे बघायला खुर्ची ओढून बसते. शेवाळाला मात्र ते तोंड लावत नाहीत. उरलेलं अन्न आणि मेलेलं काही, एवढाच त्यांचा खुराक.

काचेवरचं शेवाळ टर्बो खातात, पण रांगडे आहेत. नीट न चिकटवलेला कोरल ढकलून पाडतात. शेवाळ संपलं की उपाशी मरतात, हे मला उशिरा कळलं. एक दगडामागे मेला होता. चार नॅसेरियस त्याच कोपऱ्यात घोळका करून बसले म्हणून लक्ष गेलं. आता उरलेल्यांना नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा लावतो.

हर्मिटबद्दल काय सांगू! रिकामे शंख कमी पडले की ते जिवंत गोगलगायीवरच उठतात. माझा एक टर्बो असाच गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शंखात साहेब फिरत होते. मग गुहागरहून आणलेले मोकळे शंख उकळून ठेवले, तेव्हा मारामारी थांबली.

एप्रिलमध्ये पाणी 30 अंशांवर गेलं. पृष्ठभागावर पंखा लावला, तर बाष्पीभवनाने क्षार वाढायला लागले, म्हणून रोज आरओचं साधं पाणी ओततो. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात 1.025 वर राहायला हवी. गोगलगायींना हे चढउतार माशांपेक्षा जास्त झोंबतात. नव्या आणल्या तर तासभर थेंबथेंब पाणी मिसळूनच सोडा. व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगावरचं तांबं असलेलं औषध या टँकमध्ये अजिबात नको, ही सगळी मंडळी मरतात. मासा वेगळ्या टबमध्ये काढून तिथेच उपचार करा.

आणि हे जे खातात ते विष्ठा होऊन पाण्यातच राहतं. दर पंधरा दिवसांनी 20 लिटर पाणी बदलणं काही सुटलेलं नाही.

परत घेतले तर सहा नॅसेरियस, दोन टर्बो, बस्स. हर्मिट फुकट दिले तरी नकोत. फक्त त्या टर्बोच्या शंखातल्याला आईने बंड्या नाव ठेवलंय, त्यामुळे तो कुठे जात नाही.