कार्बन फायबरचा ड्राइव्हशाफ्ट : गोव्याच्या रस्त्यांवर कितपत उपयोगी?
२०१६ साली भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा पोलादी ड्राइव्हशाफ्ट दोन तुकड्यांचा असून त्याला मध्ये बेअरिंगचा आधार असतो. त्याऐवजी फोंड्याजवळच्या एका गॅरेजमध्ये मी कार्बन फायबरचा एकसंध शाफ्ट बसवून घेतला. कार्बन हलका आणि ताठ असल्यामुळे शाफ्ट थरथरू लागण्याची वेगमर्यादा बरीच वर जाते, म्हणूनच मधल्या बेअरिंगची गरज उरत नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर गाडी आता अधिक सफाईने प्रतिसाद देते. वेग घेण्यातला फरक मात्र थोडाच आहे, कारण शाफ्टचा व्यास लहान असल्याने त्याचे फिरते जडत्व (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) चाकांच्या तुलनेत मुळातच कमी असते. जाहिरातींत हे सहसा आढळत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी शाफ्टच्या नळीचे धातूच्या टोकांशी असलेले जोड अवश्य तपासावेत : खाऱ्या, दमट हवेत कार्बनला थेट भिडलेले अ‍ॅल्युमिनियम लवकर गंजते, म्हणून दोहोंमध्ये काचतंतूंचा थर हवा. पावसाळ्यात उखडलेल्या खडीचा मारही धोक्याचा, कारण नळीला खोल इजा झाल्यास शाफ्ट बदलणेच सुरक्षित. केवळ पणजीला ये-जा करणाऱ्याने आधी हलकी चाके घ्यावीत.