विमान की अंतराळयान?

‘एकच बघायला वेळ आहे. ‘एअरप्लेन!’ (१९८०) बघू की ‘एअरप्लेन २’ (१९८२)?’ मित्राचा प्रश्न.

कथा म्हणशील तर दोन्ही विनोदपटांत तीच. धास्तावलेला वैमानिक, दुरावलेली प्रेयसी, संकटातलं उड्डाण. दुसऱ्यात विमानाऐवजी चंद्राकडे निघालेलं यान आणि डोकं फिरलेला संगणक. वेळेचाही प्रश्न नाही, दोन्ही दीड तासाच्या आत आटपतात.

विनोदात मात्र पहिला कितीतरी पुढे. लेस्ली नीलसनचा डॉक्टर वाटेल ते बोलतो, पण चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. पहिल्याचे लेखक-दिग्दर्शक झकर बंधू (दोघं) आणि जिम अब्राहम्स यांनी १९५७ च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर सिनेमाची गोष्टच उचलली होती, म्हणून थट्टेला पाया आहे. सिक्वेल या तिघांचा नाही, आणि ते जाणवतं. बरेच विनोद म्हणजे शिळ्या कढीला ऊत.

पण त्यात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेतला कॅप्टन, विल्यम शॅटनर आला की जान येते. तो पडद्यावरून बोलतोय असं वाटतं, तेवढ्यात दार सरकतं आणि कळतं, पडदा कसला, दाराची काच होती ती! मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

निखळ हसायचं असेल तर पहिला. अंतराळपटांचं वेड असेल, पहिला पाठ असेल, तर दुसरा लाव. अपेक्षा मात्र बेताच्या ठेव.