पगार 21,000 च्या वर नेताना: ईएसआय सोडून मेडिक्लेम घ्यावा का?

भोसरीतल्या एका वर्कशॉपचे पगार मी करतो. दर मार्चला तोच प्रश्न येतो: महिना 20,800 वाल्याला 21,500 केले की तो ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, पगारमर्यादेबाहेर जातो. (मर्यादा 2017 पासून 21,000 आहे.) मालक म्हणतात, ग्रुप मेडिक्लेम काढू, पोरं खूश होतील. होतातही. ईएसआयच्या दवाखान्यात आठला नंबर लावून अकराला गोळ्या हातात, हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय.

रात्री अपेंडिक्स फुगलं तर मेडिक्लेमच बरा. जवळचं नेटवर्क हॉस्पिटल गाठायचं, कार्ड दाखवायचं. ईएसआयमध्ये आधी रेफरल (मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी), किंवा नंतर बिलांची फाईल घेऊन फेऱ्या.

पण मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बुडालेला रोज भरत नाही. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. लेथवरच्या माणसाला टीबी निघाला असं धरा. ॲडमिट व्हायचं काम नाही, घरी सहा महिने गोळ्या. साध्या पॉलिसीला 24 तास भरती लागते, म्हणजे हाती काहीच नाही. रजा संपल्या की मस्टरवर लाल पेनाने खाडे सुरू. ईएसआयमध्ये टीबी लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. नोकरीला दोन वर्षं झालेली आणि वर्गणीचे (ईएसआयचे पैसे भरल्याचे) दिवस भरलेले असले, तर आधी 91 दिवस रोजाच्या 70 टक्के आणि त्यापुढे 80 टक्के. 20,800 वर ढोबळमानाने महिना साडेचौदा आणि साडेसोळा हजार. साध्या काविळीलाही ते 70 टक्के मिळतात. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवस भरलेले हवेत, आणि पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. चिठ्ठी मात्र ईएसआयच्याच डॉक्टरची.

खर्चाची तुलना सोपी आहे. 20,800 वर ईएसआयची महिन्याची वर्गणी मालकाची 676 आणि कामगाराची 156, एवढ्यात बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात. ग्रुप पॉलिसीत आईवडील बहुधा वेगळ्या प्रीमियमने, आणि नोकरी सुटली की कार्ड बंद.

मालकांनी आणखी एक पाहावं. ईएसआयमधल्या कामगाराला मशीनवर इजा झाली तर भरपाई ईएसआय देते, कामावर येता येत नाही तोवर 90 टक्के रोज. मर्यादेबाहेर गेलेल्या कामगाराची ती जबाबदारी थेट मालकावर येते. मेडिक्लेमने ती भागत नाही, कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. एजंट हे आपणहून सांगत नाही.

वाढ द्यायचीच आहे, आणि पगार दाबून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण तारीख बघा. एप्रिलपासून दिली तर वर्गणी मार्चलाच थांबते आणि तिच्यावरचे फायदे डिसेंबरपर्यंत चालतात. मेपासून दिली तर एप्रिलला सुरू झालेला सहा महिन्यांचा वर्गणीकाळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, वर्गणी भरावी लागते, आणि फायदे पुढच्या जूनपर्यंत. दोघांची मिळून सहा महिन्यांची वर्गणी पाच हजारांच्या थोडी वर. कामगाराची एका महिन्याची 700 ची वाढ बुडते, त्यामुळे आधी त्याला समोर बसवून कागदावर हिशेब दाखवा. मेडिक्लेम मेपासूनच सुरू करा, ईएसआय संपायची वाट पाहू नका.