तैनातीवरील मुलाला पेट्या पाठवताना: टपाल खात्याच्या एपीओ फ्लॅट रेट पेटीचा काही महिन्यांचा अनुभव

आमचा धाकटा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात असून गेल्या उन्हाळ्यापासून त्याची तुकडी आखाती भागात तैनात आहे. नेमके ठिकाण मी लिहीत नाही. घरच्यांनीही ते कोठे लिहू नये, अशी सैन्याची स्पष्ट अपेक्षा असते. न्यू जर्सीतून त्याला आम्ही नियमितपणे पेट्या पाठवत आहोत आणि त्यासाठी अमेरिकेच्या टपाल खात्याची, म्हणजे यूएसपीएसची, खास सैनिकी, म्हणजे एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), पत्त्यांसाठी असलेली मोठी प्रायॉरिटी मेल फ्लॅट रेट पेटी वापरतो. इतक्या महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की, ही सेवा भरवशाची आहे. मात्र पेटीतील वस्तू धड पोचतात की नाही, हे बहुतांशी ती घरी कशी भरली, तिच्यावर काय लिहिले आणि कस्टम्सच्या अर्जात काय नोंदवले यावर ठरते. ज्यांची मुले, भाचे, पुतणे सैन्यात आहेत अशी मराठी कुटुंबे आता अमेरिकेत थोडीफार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पेटी १२ इंच लांब, १२ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच असते. ७० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ किलोपर्यंत, वजन कितीही असले तरी दर एकच पडतो आणि देशांतर्गत पत्त्यासाठीच्या मोठ्या पेटीपेक्षा तो थोडा कमी असतो. सैनिक सात समुद्रांपलीकडे असला तरी टपालाचे शुल्क देशांतर्गत दरानेच पडते, कारण परदेशातील पुढचा प्रवास सैन्याच्या स्वतःच्या टपालव्यवस्थेमार्फत होतो. रिकाम्या पेट्या टपाल कचेरीत विनामूल्य मिळतात. त्याहून सोयीचा म्हणजे ‘मिलिटरी केअर किट’ नावाचा संच: मागणी नोंदवली की पेट्या, चिकटपट्टी, पत्त्याच्या चिठ्ठ्या आणि कस्टम्सच्या कागदांसाठीची पाकिटे हे सारे घरपोच आणि फुकट येते. वजनाची मुभा मोठी असली तरी तिचा पुरेपूर उपयोग करावा, असे मला वाटत नाही. ती पेटी तिकडच्या टपालखोलीपासून राहत्या जागेपर्यंत, बहुधा भर उन्हात, मुलालाच उचलून न्यायची असते.

पत्त्याविषयी सर्वाधिक काळजी घ्यावी. सैनिकाचे पूर्ण नाव, तुकडी किंवा बॉक्स क्रमांक, मग शहराच्या जागी एपीओ, नौदलाच्या जहाजासाठी एफपीओ, राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए आणि शेवटी झिप क्रमांक एवढेच लिहायचे. एई युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्वेसाठी, एपी पॅसिफिक भागासाठी आणि एए अमेरिका खंडांतील उरलेल्या ठिकाणांसाठी. प्रत्यक्ष शहराचे किंवा देशाचे नाव कोठेही लिहायचे नाही. ते लिहिले तर पेटी सैनिकी टपालातून बाहेर पडून त्या देशाच्या सामान्य टपालात जाण्याचा धोका असतो, शिवाय तुकडीचे ठिकाणही उघड होते. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आई त्यांना पत्र लिहायची तेव्हा त्यावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ एवढेच असायचे. पूर्वेकडे असतील तर ९९ एपीओ. त्यामुळे गावाचे नाव नसलेला पत्ता मला परका वाटला नाही. तुकडीचे ठिकाण उघड होऊ नये म्हणूनच पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे पेटीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये, अशी मी सर्वांना कळकळीने विनंती करते. मुलगाही तिकडे पेटी उघडल्यावर चिठ्ठी फाडून नष्ट करतो. वरची चिठ्ठी प्रवासात निघालीच तर उपयोगी पडावी म्हणून दोन्ही पत्ते लिहिलेला एक कागद मी प्रत्येक पेटीत सर्वांत वर ठेवते.

कस्टम्सचा अर्ज हा अनेकांना कटकटीचा भाग वाटतो, पण तो नीट भरला तर कचेरीतील काम काही मिनिटांत आटोपते. टपाल कचेरीत २९७६-आर क्रमांकाचा कागद भरून द्यायचा, त्यावरून कर्मचारी छापील अर्ज काढून पेटीला लावतात. ऑनलाइन शुल्क भरले तर अर्ज घरीच छापता येतो. प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन आणि किंमत स्वतंत्र लिहावी. ‘खाद्यपदार्थ’ किंवा ‘भेटवस्तू’ असे मोघम शब्द पुरत नाहीत, आणि ‘चकली’ हा शब्द वाचून तपासणाऱ्याला काहीच बोध होणार नाही. म्हणून मी ‘तांदूळ व डाळीच्या पिठाचा तळलेला कोरडा पदार्थ’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी वर्णन लिहिते. पदार्थांची अशी वर्णने एकदा टिपून ठेवली की दर वेळी विचार करावा लागत नाही.

मनाईच्या वस्तू ठिकाणानुसार बदलतात. प्रत्येक एपीओ झिप क्रमांकाला कोणते निर्बंध लागू आहेत, ते टपाल खात्याच्या ‘पोस्टल बुलेटिन’मध्ये सांकेतिक अक्षरांनी दिलेले असते आणि पेटी भरण्याआधी ते पाहणे मी आवश्यक समजते. मध्यपूर्वेतील तुकड्यांना मद्य, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि अश्लील साहित्य पाठवता येत नाही. दाबाखालील फवाऱ्याचे डबे, काडेपेटी, नेलपॉलिश आणि मद्यार्क असलेली अत्तरे कोठेच चालत नाहीत. लिथियम बॅटरी केवळ उपकरणात बसवलेली असेल तरच चालते, सुटी नाही. म्हणून पॉवर बँक मी पाठवतच नाही. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मात्र तिकडे नेहमी लागतात. साध्या सेलवर चालणारी कोणतीही वस्तू पाठवताना सेल काढून ठेवावेत. बंद पेटीतून आपोआप येणारा आवाज कोणत्याही टपालकेंद्रात शंकास्पद ठरतो.

आता खाऊविषयी, कारण आपल्या घरांत पेटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच असतो. कुवेतमधील मित्रिबाह येथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. त्या साऱ्या भागात उन्हाळ्यात टपालाच्या कंटेनरमध्ये काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल. म्हणून मे ते सप्टेंबर या काळात बेसनाचे लाडू, चॉकलेट, शेंगदाण्याची ओली चटणी यांपैकी काहीही मी पाठवत नाही. तूप सुटते, तेल झिरपते आणि शेजारच्या वस्तू खराब होतात. या महिन्यांत खाकरा, शंकरपाळे, राजगिऱ्याच्या वड्या आणि गरम पाणी घालून होणारा तयार उपमा या गोष्टी उत्तम स्थितीत पोचल्या. लाडवांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तेव्हाही एकेक लाडू कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, हलायला जागा राहणार नाही असा बसवावा. चकल्या बटाट्याच्या वेफर्सच्या उभ्या गोल डब्यांत एकावर एक रचून, वर-खाली मऊ कागद घालून पाठवल्या तर जवळजवळ सगळ्या अखंड राहतात. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा चुरा होतो, भाजक्या पोह्यांचा टिकतो. तोही हवाबंद पिशवीत भरून मग डब्यात ठेवावा. लोणच्याची बरणी, तेल आणि काच दोन्ही असल्यामुळे, मी पूर्णपणे वर्ज्य केली आहे.

मेतकूट आणि सुक्या चटण्या यांविषयी वेगळी सूचना करते. घरी केलेली कोणतीही पूड बिननावाच्या पिशवीत पाठवू नये. तपासणी करणाऱ्याला पिवळसर किंवा लाल पूड म्हणजे काय ते कळण्याचे कारण नाही आणि त्याने पेटी अडवली तर त्यात त्याचा दोष नाही. दुकानातील सीलबंद, इंग्रजीत घटक छापलेले पाकीट पाठवावे. घरच्या मेतकुटाची चव त्याला नाही हे खरे, पण ते मुलाच्या हाती पडते. शेंगदाणे किंवा काजू असलेल्या डब्यावर तसे ठळक लिहावे, कारण ही मुले आलेला खाऊ कधीच एकटी खात नाहीत आणि सोबत्यांपैकी कोणाला त्यांचे वावडे असू शकते.

खाण्याखेरीज ज्याची मागणी सतत येते ते म्हणजे गणवेशाला चालतील अशा रंगाचे जाड मोजे, ओले पुसण्याचे कागद (वेट वाइप्स), ओठांचे मलम, सनस्क्रीन आणि पाण्यात घालायच्या सरबताच्या पुड्या. साबण आणि खाऊ एकाच पेटीत कधीही ठेवू नयेत. साबण कितीही गुंडाळला तरी त्याचा वास बिस्किटांना लागतो. एका दुकानातून तयार बांधलेला संच आम्ही एकदा पाठवला होता. त्यात शांपूची बाटली पिशवीशिवाय ठेवलेली असल्यामुळे ती वाटेत गळली आणि मोज्यांसकट सारेच भिजले. त्यानंतर तयार संच घेणे आम्ही बंद केले. द्रवपदार्थाच्या बाटलीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून ती दोन पिशव्यांत बंद करावी. पेटीत रिकामी जागा उरली तर मोजे किंवा रुमाल भरावेत, आणि पेटी फुगू न देता सर्व कडांना रुंद चिकटपट्टी लावावी.

वेळेचे म्हणाल, तर आमच्या बहुतेक पेट्या दोन ते तीन आठवड्यांत पोचल्या. ट्रॅकिंगमध्ये शिकागोच्या टपालकेंद्राची नोंद दिसते आणि मग बरेच दिवस काहीच दिसत नाही. त्या शांततेने घाबरू नये. पेटी सैन्याच्या ताब्यात गेली की मधल्या नोंदी बाहेर दिसत नाहीत, एवढाच तिचा अर्थ असतो. स्वस्त पडते म्हणून जमिनीमार्गाचा दर निवडला तर महिना-दीड महिना धरून चालावे आणि त्यात खाऊ मुळीच घालू नये. नाताळच्या गर्दीसाठी टपाल खाते दरवर्षी शेवटच्या तारखा जाहीर करते, प्रायॉरिटी मेलसाठी त्या साधारण डिसेंबरच्या पूर्वार्धात असतात. दिवाळीसाठी अशी तारीख कोणी सांगणार नाही. फराळ लक्ष्मीपूजनाच्या निदान चार आठवडे आधी रवाना व्हावा, असा आमच्या घरचा नियम आहे. प्रायॉरिटी मेलसोबत बहुतेक वेळा १०० डॉलरपर्यंतचा विमा असतो, पावती मात्र पेटी पोचेपर्यंत जपून ठेवावी लागते. मोठी खासगी कुरिअर कंपनी एपीओ पत्त्यावर थेट पोचवत नाही, त्यामुळे या बाबतीत निवडीला फारसा वाव नाही, आणि मला त्याची खंतही वाटत नाही. मुलाकडून येणाऱ्या पत्रांना तर तिकीटही लागत नाही. ठरावीक युद्धक्षेत्रांतील सैनिकाने पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने ‘फ्री मेल’ लिहिले की ते येते. फोन आणि व्हिडिओ कॉल असतानाही त्याच्या अक्षरातील पत्राची गोष्ट वेगळी आहे.

आमच्या मंडळातील काही जणांनी ओळखीच्या नसलेल्या सैनिकांनाही फराळ पाठवण्याची इच्छा व्यक्त केली, ती मला फार मोलाची वाटली. पण ‘कोणत्याही सैनिकास’ असे लिहून पेटी पाठवता येत नाही. २००१ मध्ये टपालातून झालेल्या अँथ्रॅक्स जंतूंच्या हल्ल्यांनंतर ती पद्धत सुरक्षेसाठी बंद झाली. अशांनी २००३ पासून काम करणाऱ्या ऑपरेशन ग्रॅटिट्यूडसारख्या संस्थांमार्फत मदत द्यावी. तेथे घरी केलेले पदार्थ घेत नाहीत, दुकानातील सीलबंद वस्तू आणि हाताने लिहिलेली पत्रे चालतात.

मुलाची तुकडी परतण्याचे दिवस आता जवळ येत आहेत. परतीच्या सुमारे सहा आठवडे आधी पेट्या थांबवाव्यात, असे त्याने कळवले आहे, कारण तुकडी निघाल्यावर पोचलेली पेटी उलट दिशेने पुन्हा सारा प्रवास करत घरी येते आणि तोवर आतला खाऊ फेकून द्यावा लागतो. म्हणून या महिन्याची पेटी शेवटची, आणि तिच्यात फक्त मोजे, पत्रे आणि सोबत्यांना वाटण्यासाठी राजगिऱ्याच्या वड्या घातल्या आहेत.