विश्रामबागचं युरोलॉजी क्लिनिक: बसवून ठेवतात, पण नीट समजावतात

गाडी लावायला जागा नाही, नंबर येईपर्यंत बाकड्यावर पाठ धरते. पण डॉक्टर माणूस भारी! आमच्या अण्णांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर आहे. पुरुषी हार्मोन थांबवणाऱ्या इंजेक्शननं पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, कॅन्सरवर लक्ष ठेवायला मोजतात ते) उतरल्यावर अण्णा म्हणाले, "आता बंद करूया की." डॉक्टरांनी कागदावर ग्रंथीच काढून दाखवली. उंदरांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, थांबवलं की प्रोस्टेट आक्रसते, परत दिलं की पुन्हा वाढते. म्हणजे हार्मोनविना तगणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) आत शिल्लक असतात. कॅन्सरच्याही काही पेशी अशाच चिवट निघतात, म्हणून तपासणी चुकवायची नाही. या हार्मोनच्या उपचारासाठी चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांना १९६६ चं नोबेल मिळालं, हेही सांगितलं. 'स्टेम सेल'च्या महागड्या पावडरीबद्दल विचारलं तर नुसते हसले. फी वाजवी. सकाळी लवकर जावा.